टर्बो पेट्रोल गाडी ओढत नाही, मिसिंग करते: दोष शोधायचा क्रम

टर्बो पेट्रोल गाडीचा पिकअप गेला की पहिला संशय टर्बोवर (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्यावर) जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. टर्बो महाग असतो, काढायला किचकट असतो, आणि तो खराब होण्याआधी प्लग, कॉइल, एखादा सैल क्लॅम्प किंवा फाटका होज यांची पाळी कितीतरी वेळा येऊन जाते. त्यात आणखी एक गोम आहे. एखादा सिलिंडर पेटत नाही (यालाच मिसिंग म्हणतात) हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळलं की बऱ्याच गाड्यांत तो इंजिन वाचवण्यासाठी स्वतःच बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब, कमी करतो. मग स्कॅनरवर बूस्ट कमी असल्याचा कोड दिसतो आणि मूळ दोष मात्र एका झिजलेल्या प्लगचा असतो. म्हणून तपासाचा क्रम ठरवून घ्या: आधी ठिणगी, मग हवा, मग इंधन, आणि अगदी शेवटी टर्बो व इंजिनचे आतले भाग.

डिझेल गाडीत ठिणगी नसते, त्यामुळे तो भाग डिझेलवाल्यांनी सोडून द्यावा. हवेच्या गळतीबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते मात्र त्यांनाही उपयोगी पडेल.

सुरुवातीची तयारी

लाइव्ह डेटा (चालू इंजिनचे आकडे) दाखवणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लागेल. फोनला जोडायचा साधा ब्लूटूथ स्कॅनरही चालतो. याशिवाय प्लगचा सॉकेट (नव्या इंजिनांत बहुधा १६ किंवा १४ मिलिमीटरचा), लांब एक्स्टेंशन, टॉर्क रेंच, प्लगचा गॅप मोजायचा तारेचा गेज, मल्टिमीटर, चांगली टॉर्च आणि स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी एवढं जवळ ठेवा.

काम थंड इंजिनवरच करायचं. जोरात चालवलेल्या गाडीत टर्बोजवळचा एक्झॉस्ट ९०० अंश सेल्सिअसच्या घरात तापतो आणि बराच वेळ गरम राहतो. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग सोडवला तर आटेही त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकतात. कॉइलमधून तीस-चाळीस हजार व्होल्ट बाहेर पडतात, त्यामुळे चालू इंजिनवर कॉइल उपटून 'कुठला सिलिंडर मेलाय ते बघू' हा जुना प्रयोग करू नका. धक्का बसतोच, शिवाय न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू लागतो.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ नेमका हाच असतो: मिसिंग इतकं वाढलंय की कन्व्हर्टर धोक्यात आहे. अशा वेळी पाय सैल सोडा, गाडी बाजूला घ्या आणि दोष सापडेपर्यंत ती पळवू नका.

पायरी १: गाडी नेमकी कधी अडते ते लिहून काढा

'पिकअप नाही' या दोन शब्दांवरून दोष सापडत नाही. कुठला गिअर, किती आरपीएम, इंजिन थंड की गरम, पाय किती दाबलेला, झटके बसतात की गाडी नुसती सुस्त वाटते, हे सगळं कागदावर घ्या. निम्मं निदान इथेच होतं.

आयडलिंगला इंजिन थरथरतं पण रेस दिली की सुधारतं, असं असेल तर थ्रॉटलच्या (हवेची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) पुढे, इंजिनच्या बाजूला, कुठेतरी बाहेरची हवा आत शिरत असते, एखादा इंजेक्टर पेट्रोल नीट फवारत नसतो किंवा कंप्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रमाण) कमी असतं. आयडलिंग शांत, हळू चालवताना काही तक्रार नाही, पण तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दोन-तीन हजार आरपीएमवर पाय पूर्ण दाबला की गाडी झटके देते, ही प्लग किंवा कॉइलची ठळक खूण. झटका नाही, थरथर नाही, फक्त दम नाही आणि बॉनेटखालून हवा सुटल्याचा फुसकारा येतो, हे हवेच्या गळतीचं लक्षण. सुरुवातीला बरी ओढते पण आरपीएम वाढेल तसा श्वास कोंडल्यासारखा होतो, तेव्हा इंधनाचा दाब किंवा तुंबलेला कन्व्हर्टर बघायचा. आणि फक्त पावसात किंवा धुतल्यानंतरच मिसिंग होत असेल तर कॉइलचे रबरी बूट आणि प्लगच्या विहिरीत (प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे) शिरलेलं पाणी.

पायरी २: कोड वाचा, लगेच पुसू नका

कोड पुसला की त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमही जाते. दोष पकडला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिनवर लोड किती होता, कूलंट किती तापलं होतं, हे त्या नोंदीत असतं. आधी तिचा फोटो काढून ठेवा.

पी०३०१ ते पी०३०४ हे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचं मिसिंग दाखवतात. पी०३०० म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरला चिकटून नाही, इकडेतिकडे फिरतंय. तिथे सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेलं कारण शोधायचं: इंधनाचा दाब, हवेची गळती, भेसळीचं पेट्रोल किंवा सगळेच प्लग एकदम झिजलेले. पी०२९९ म्हणजे बूस्ट मागितल्यापेक्षा कमी, पी०२३४ म्हणजे जास्त. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. पी००८७ म्हणजे इंधनाच्या रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब अपुरा.

कोडचं नाव वाचून पार्ट मागवायचा नाही. पी०२९९ म्हणजे 'टर्बो बदला' नव्हे; मागितलेला दाब मिळाला नाही, एवढंच ईसीयू सांगतोय. मिसिंगचा आणि बूस्टचा कोड एकत्र आले असतील तर मिसिंग आधी मिटवा. पुष्कळदा दुसरा कोड आपोआप परत येत नाही.

पायरी ३: ठिणगी

टर्बो गाडीत प्लगचे हाल जास्त का होतात ते समजून घ्या, म्हणजे पुढचा सगळा तपास सोपा जाईल. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितका दोन इलेक्ट्रोडमधली फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो. आयडलिंगला दाब कमी असतो, तिथे झिजलेला प्लगही काम भागवतो. पूर्ण बूस्टवर मात्र कॉइलची ताकद अपुरी पडते आणि ठिणगी उडतच नाही, किंवा ती प्लगच्या बाहेरून सोपी वाट काढून हेडला जाते. प्लग वापरात झिजतो तशी फट वाढत जाते. फटीत दशांश मिलिमीटरचा फरक साध्या इंजिनला जाणवणारही नाही, टर्बो इंजिनला तो लगेच जाणवतो.

कॉइल काढताना आधी कनेक्टरची कुलपी पट्टी मोकळी करा. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि ओढलं की तुटतं. मग कनेक्टर सैल राहतो आणि मिसिंगचं नवं कारण तयार होतं. कॉइल थोडी गोल फिरवून बूट मोकळा करा, मग सरळ वर ओढा. प्लग सोडवण्याआधी विहिरीतली धूळ फुंकून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडेल. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे लिहूनच ते मांडा.

आता टॉर्चच्या उजेडात प्लग बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलने ओला म्हणजे तो सिलिंडर पेटतच नव्हता. तेलकट काळा म्हणजे रिंग, व्हॉल्व्हचं सील किंवा टर्बोकडून तेल येतंय. टोकाच्या पोर्सिलेनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर तिथे नॉकिंग झालंय, म्हणजे मिश्रण वेळेआधी किंवा भलत्या जागी भडकलंय. ते मिटवल्याशिवाय गाडी दाबू नका. पिस्टन फुटायची सुरुवात तिथूनच होते.

टोकापेक्षा वरच्या पांढऱ्या भागाकडे लोक कमी बघतात, आणि बूस्टवरच्या मिसिंगचा पुरावा नेमका तिथे सापडतो. प्लगच्या धातूच्या षटकोनापासून वर चढलेली, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का बघा. ठिणगी आत न उडता याच वाटेने बाहेर पळत होती. बुटाच्या आतल्या रबरावरही तशीच रेघ असते. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुन्यावरची रेघ नव्यालाही काही दिवसांत खराब करते. षटकोनाच्या लगेच वर पोर्सिलेनभोवती दिसणारा तपकिरी धुरकट पट्टा मात्र निराळा. तो उच्च व्होल्टेजभोवती हवेतली तेलाची धूळ चिकटून होतो. गॅस गळतोय असं समजून नवशिके चांगले प्लग फेकून देतात, ते नका करू.

विहिरीत तेल साचलेलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा प्लगच्या नळीचं सील गेलंय. तेलाने रबर फुगतं आणि नवा बूटही टिकत नाही, म्हणून आधी सील.

गॅप तारेच्या गेजने मोजा. टर्बो पेट्रोलमध्ये तो साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतो. तुमच्या इंजिनचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा. इरिडियम प्लगचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, नाजूक असतं. पाचरीसारखा चपटा गेज मध्ये घुसवून त्याच्यावर जोर दिला तर ते तुटतं. कमी-जास्त करायचं झालंच तर फक्त बाहेरची वाकडी पट्टी हलवायची. रीमॅप करून (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून) बूस्ट वाढवलेल्या गाडीत गॅप थोडा कमी ठेवतात आणि बहुतेक वेळा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, प्लग घालतात. पण गॅप फारच कमी केला तर आयडलिंग खडबडीत होतं, तेव्हा एका वेळी ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक करू नका.

कॉइल, प्लग की आणखी काही, हे ठरवायची एक युक्ती विकत काही न आणता जमते. समजा कोड पी०३०२ आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. दुसऱ्याचा प्लग चौथ्यात घाला आणि चौथ्याचा दुसऱ्यात. इंजेक्टर जागेवर राहू द्या. कोड पुसून गाडी ज्या स्थितीत अडत होती त्याच स्थितीत चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब. पी०३०४ आला तर प्लग. पुन्हा पी०३०२च आला तर दोष त्या सिलिंडरच्या वायरिंगमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा कंप्रेशनमध्ये आहे.

आजच्या बहुतेक कॉइलमध्ये इग्नायटर (तिला चालू-बंद करणारं सर्किट) आतच असतो, त्यामुळे मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून अशा कॉइलचा निकाल लागत नाही. शिवाय थंड असताना चांगली वाटणारी कॉइल तापल्यावर मार खाते. अदलाबदलीची चाचणी गरम इंजिनच्या स्थितीत घ्यायची ती यासाठीच. मल्टिमीटर वापरायचा तो कनेक्टरला बॅटरीचा व्होल्टेज आणि चांगलं अर्थिंग मिळतं का हे बघायला. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, चालू असताना बहुधा साडेतेरा ते साडेचौदा मिळतात. व्होल्टेज कमी असेल तर कॉइल पुरेशी चार्ज होत नाही.

प्लग बसवताना आधी हाताने, फक्त एक्स्टेंशन धरून फिरवा. सुरुवातीलाच अडकला तर आटा तिरका लागलाय, बाहेर काढा. मग टॉर्क रेंच. वॉशर असलेल्या प्लगसाठी ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटर आट्याला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०. मुलामा असलेल्या प्लगच्या आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका. त्याने त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. बुटाच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर पुरे.

पायरी ४: हवा

ठिणगी पक्की झाली आणि तरी गाडी ओढत नसेल तरच इकडे या.

आधी मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) खरं बोलतोय का ते बघा. इग्निशन चालू, इंजिन बंद: आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाइतका असावा, समुद्रसपाटीला १०० किलोपास्कलच्या आसपास, उंचावर त्याहून कमी. गरम इंजिन आयडलिंगला असताना साधारण ३० ते ४५. एक गोंधळ इथेच दूर करू या: स्कॅनर बहुतेक वेळा एकूण दाब दाखवतो, बूस्ट नव्हे. १८० किलोपास्कल दिसले तर त्यातून बाहेरच्या हवेचे १०० वजा करा; बूस्ट झाला ८०, म्हणजे ०.८ बार.

मग मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून साडेचार हजार आरपीएमपर्यंत पूर्ण पाय देऊन नोंद घ्या. स्कॅनर सोबतच्या माणसाच्या हातात असावा, चालवणाऱ्याच्या नाही. मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, थ्रॉटलचा कोन, इग्निशन टायमिंग (ठिणगी उडायची वेळ) आणि मिसिंगची मोजणी हे एकाच वेळी नोंदवा. तुम्ही पाय पूर्ण दाबलेला असताना थ्रॉटल मिटत असेल तर हवा कमी पडत नाही, ईसीयू मुद्दाम रोखतोय. मागणी जास्त आणि मिळतंय कमी, असं असेल तर गळती, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) किंवा टर्बो.

गळती उभ्या गाडीत आयडलिंगला कान देऊन सापडत नाही. आयडलिंगला टर्बो दाब तयारच करत नाही, त्यामुळे फाटलेला होजही गप्प असतो. पाइपमध्ये बाहेरून दाब भरूनच ती शोधायची. एअर फिल्टरच्या बाजूचं टर्बोचं तोंड व्हॉल्व्ह बसवलेल्या टोपीने बंद करा आणि कंप्रेसरमधून रेग्युलेटर लावून अर्ध्या बारच्या आसपास हवा भरा. यापेक्षा वर जाऊ नका: पीसीव्हीच्या (इंजिनच्या आतली वाफ इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वाटेने हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि सील उडवते. ऑइल भरायचं झाकण उघडून ठेवा; तिथून जोराचा झोत आला तर पीसीव्ही तपासायचा असा अर्थ. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा.

हात घालण्याआधी डोळ्यांनीही बरंच कळतं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) होजच्या जोडाभोवती तेलकट ओल आणि तिच्यावर चिकटलेली धूळ दिसली तर बूस्टवर तिथून हवा सुटते, कारण पाइपमधली तेलाची वाफ तिच्याबरोबर बाहेर येते. होजच्या खालच्या बाजूला हात फिरवा. चीर बहुधा खालीच असते आणि वरून होज नवा दिसतो.

यानंतर वेस्टगेट. हवेवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरला (वेस्टगेटची दांडी हलवणाऱ्या डबीला) हातपंप लावून दाब किंवा व्हॅक्यूम द्या, जो प्रकार असेल तो. दांडी न अडखळता सरकली पाहिजे आणि दाब धरून राहिला पाहिजे. काटा घसरत असेल तर आतला पडदा फाटलाय. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर स्कॅनरवरून हलवून बघता येतो. पाय सोडताना टर्बोकडून पत्रा खुळखुळल्याचा आवाज येत असेल तर वेस्टगेटच्या झडपेची बिजागरी झिजलेली असते. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय सोडल्यावर अडकलेला बूस्ट मोकळा करणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी पडदा फाटणंही नेहमीचंच. तो काढून बोटाने दाबून बघायला दहा मिनिटं लागतात.

पायरी ५: इंधन

फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती. शून्याच्या वर-खाली पाच टक्के उत्तम, दहापर्यंत चालवून घेता येतं. आयडलिंगला ट्रिम +१५ टक्के आणि अडीच हजार आरपीएमवर जवळजवळ शून्य, तर थ्रॉटलच्या पुढे बाहेरची हवा शिरतेय. उलट आयडलिंगला ठीक आणि लोड वाढेल तसा ट्रिमही वाढतो, तर पेट्रोल पुरत नाही किंवा एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) हवा कमी मोजतोय.

टर्बोनंतरच्या गळतीत एक वेगळंच चित्र दिसतं. एअर फ्लो सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत मोजून घेतलेली हवा बूस्टवर बाहेर सुटते, पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पडतं, म्हणून मिश्रण पेट्रोलकडे झुकतं आणि काळा धूर येतो. फक्त मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत मिश्रण बरोबरच राहतं, दाब तेवढा कमी पडतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब शेजारी ठेवून बघा. पूर्ण लोडवर मिळालेला दाब मागे पडत गेला तर टाकीतला पंप, फिल्टर आणि हाय-प्रेशर पंप या क्रमाने जा. याच इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडत नाही, त्यामुळे तिथे कार्बन साठतो आणि थंड इंजिन आयडलिंगला थरथरतं. टाकीत ओतायच्या क्लीनरने तो निघत नाही, इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांना वाटणारा पाइप) काढूनच साफ करावा लागतो.

टायमिंग सगळ्या सिलिंडरांवर सतत मागे ओढलं जात असेल तर कमी ऑक्टेनचं पेट्रोल किंवा तापलेली हवा हे कारण असू शकतं. वरच्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर पाय पूर्ण दाबायची सवय असेल तर ती सोडा. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत तिथेच मिश्रण ठिणगीआधी पेटतं आणि पिस्टन जातो. गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे चालत असेल तर एपीआय एसपी दर्जाचं (डब्यावर तसं लिहिलेलं) ऑइल वापरा. ही श्रेणी २०२० मध्ये आली आणि तिच्यात याविरुद्धची चाचणी आहे.

पायरी ६: एक्झॉस्ट, टर्बो, कंप्रेशन

कन्व्हर्टर तुंबलाय का ते बघायला त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. आयडलिंगला ०.१ बारच्या आत आणि अडीच हजार आरपीएमवर ०.२ बारच्या आत दाब असावा. मिसिंग करणारी गाडी बरेच दिवस चालवलेली असेल तर ही चाचणी टाळू नका.

टर्बो बघायचा तर थंड इंजिनवर हवेच्या बाजूचा पाइप काढा आणि पंखा बोटाने फिरवा. आडवी किंचित हालचाल असणारच, कारण शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. पंखा घराला घासायला नको, पात्यांची टोकं शाबूत हवीत आणि आत-बाहेर हालचाल जाणवायला नको. पाइपमध्ये तेलाचा पातळ थर नेहमीचाच. तेल साचलेलं असेल आणि निळा धूर येत असेल तर गोष्ट वेगळी. टर्बो खरंच गेला असेल तर तो तेलाअभावी गेला का ते शोधा. कार्बनने अर्धवट बुजलेली ऑइलची नळी तशीच ठेवली तर नवा टर्बोही लवकरच जातो.

कंप्रेशन मोजताना इंजिन कोमट (तापवून मग हात लावता येईल इतकं निवू दिलेलं), सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंजेक्टर आणि कॉइल बंद. सिलिंडरांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी आधी होती तीच चाचणी तशीच घ्या: तोच गिअर, तेवढेच आरपीएम. कोड पुसल्यावर ट्रिमची जुनी शिकवणही पुसली जाते, त्यामुळे पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडं वरखाली झालं तर घाबरू नका. दोन-तीन थंड सुरुवातींनंतर प्रलंबित कोडची यादी बघा. दिवा न लागताही मिसिंग आधी तिथे दिसतं. गाडी नीट ओढू लागली की त्या दिवशीचा बूस्ट, ट्रिम, टायमिंग आणि रेलच्या दाबाचा लॉग जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला स्वतःच्याच गाडीचे आकडे हाताशी असतील.